वस्तऱ्याच्या मुठीची पिन आणि वॉशर कसे निवडायचे? आधी भोक मोजा, मग दुकानात जा

जुना वस्तरा उघडला की पातं डावी-उजवीकडे डुलतं. बंद करताना धार मुठीच्या एका पट्टीला घासते, बारीक "खर्र" आवाज येतो. बहुतेक लोक म्हणतात, "मूठ गेली, नवीन बसवा." नव्वद टक्के काम मात्र मुठीचं नसतंच. सैल झालेली असते ती काडीएवढ्या जाडीची एक पिन आणि तिच्यासोबतचे चार छोटे वॉशर.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, विरारला राहतो. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं पूर्वी नालासोपाऱ्यात सलून होतं. दुकानात पुढे सगळीकडेच बदलत्या ब्लेडचे वस्तरे आले, पण स्वतःची दाढी ते अजून धोकटीतल्या जुन्या, शिंगाच्या मुठीच्या वस्तऱ्यानेच करतात. त्याचं पातं डुलायला लागलं आणि तो माझ्याकडे आला. अट एकच होती: "मूठ बदलू नकोस. नवी मूठ हाताला कळत नाही." म्हणजे शिंगाला तडा गेला तर खेळ खलास. या लेखात तोच वस्तरा उदाहरण म्हणून घेतोय. माप, धातू, वॉशर, खरेदी आणि बसवणं, या क्रमाने जाऊया.

आधी सांध्याची ओळख

वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या. एका टोकाला दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये एक छोटी पाचर असते आणि तिच्यातून एक पिन जाते. ही पिन फिरत नाही, फक्त धरून ठेवते. दुसऱ्या टोकाला पात्याचा जाड दांडा असतो. त्याच्या भोकातून जाणारी पिन म्हणजे बिजागरी. काही मुठींना मध्ये तिसरी पिनही असते.

बिजागरीच्या पिनवर एका बाजूने मोजत गेलं तर हा क्रम लागतो: बाहेरचा वॉशर, मुठीची पट्टी, आतला वॉशर, पात्याचा दांडा, आतला वॉशर, दुसरी पट्टी, बाहेरचा वॉशर. पिनची दोन्ही टोकं हातोडीने ठोकून पसरवलेली असतात, म्हणजे साधं रिव्हेट. अनेक जुन्या वस्तऱ्यांत आतले वॉशर मुळातच नसतात.

आपला अडकित्ता आठवा. तिथेही दोन भाग, एक पिन आणि योग्य तेवढा घट्टपणा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा सुंदर संग्रह आहे. कधी गेलात तर नक्षीसोबत त्यांचा सांधाही बघा. फरक एवढाच की अडकित्ता जरा डुलला तर सुपारी वाकडी कातरली जाते, वस्तरा डुलला तर धार जाते किंवा बोट कापतं.

एवढ्याशा ढिलाईने एवढं का डुलतं?

थोडं गणित करू, कारण पुढचा सगळा निर्णय यावर आहे.

समजा पिन १.६ मिमी आणि दांड्यातलं भोक १.७ मिमी. ढिलाई फक्त ०.१ मिमी. दांड्याची जाडी ५ मिमी. म्हणजे दांडा पिनवर जास्तीत जास्त ०.१ भागिले ५, इतक्या उताराने कलू शकतो. हे झालं ०.०२. आता पिनपासून पात्याचं टोक साधारण १४० मिमी लांब आहे. १४० गुणिले ०.०२ म्हणजे २.८ मिमी!

मुठीच्या दोन पट्ट्यांमधली पोकळी असते साधारण ५ मिमी. म्हणजे मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला अडीच मिमीच. कागदाच्या जाडीएवढी ढिलाई पातं थेट पट्टीवर नेऊन आपटते.

मग भोक पिनला अगदी चिकटून हवं का? तसं केलं तर पातं फिरणारच नाही. फिरायला थोडी मोकळीक लागतेच. इथे आतले वॉशर कामाला येतात. दांड्याच्या दोन्ही बाजूंना सपाट वॉशर नीट दाबून बसले की दांड्याला कलायला जागाच उरत नाही. पिन पात्याला जागेवर ठेवते, सरळ ठेवतो तो वॉशर. वॉशर जितका रुंद, तितका आधार चांगला. म्हणून आतला वॉशर दांड्याबाहेर डोकावणार नाही इतपत मोठा घ्यावा.

पायरी १: भोक मोजा

दुकानात "वस्तऱ्याची पिन द्या" असं म्हणून काही मिळत नाही. माप घेऊन जावं लागतं. व्हर्नियर कॅलिपरची टोकं इतक्या बारीक भोकात जात नाहीत, त्यामुळे सोपी युक्ती वापरा. १.४ ते १.९ मिमीचे साधे ड्रिल बिट घ्या आणि त्यांची मागची गुळगुळीत बाजू भोकात घालून बघा. जो जातो आणि जो जात नाही, त्या दोघांच्या मध्ये भोकाचं माप.

एक काळजी घ्या. पीसीबीचे कार्बाइड बिट यासाठी नकोत. त्यांची मागची बाजू बहुधा एकाच जाडीची, ३.१७५ मिमी असते. साधे हायस्पीड स्टीलचे बिट घ्या आणि प्रत्येकाची मागची बाजू कॅलिपरने एकदा तपासून घ्या.

काकांच्या वस्तऱ्यात शिंगाच्या पट्ट्यांमधून १.६ चा बिट जात होता, १.७ चा नाही. पोलादी दांड्यातून १.७ चा जात होता, १.८ चा नाही. म्हणजे पिन १.६ च्या आसपासचीच हवी, आणि दांड्यातली ढिलाई वॉशरने सांभाळायची.

दांड्याचं भोक झिजून लांबट झालं असेल तर? ड्रिलने ते मोठं करून जाड पिन घालायचा मोह होईल. करू नका. दांडा पोलादाचा आहे, बिट सरकला तर तुटेल किंवा दांड्यावर ओरखडा पडेल. शिवाय जाड पिनसाठी मुठीची भोकंही मोठी करावी लागतात, आणि जुनं शिंग तिथेच तडकतं. त्यापेक्षा भोकात बसेल अशी बारीक पितळी नळी घालून आतून १.६ ची पिन जाऊ द्यावी.

पायरी २: सूत, गेज आणि मिमी यांचा गोंधळ सोडवा

वस्तऱ्याची पिन परंपरेने १/१६ इंचाची असते. आता हेच माप तीन दुकानांत तीन भाषांत ऐकू येतं.

• हार्डवेअरवाला सुतात बोलतो. एक सूत म्हणजे १/८ इंच, म्हणून १/१६ इंच म्हणजे अर्धा सूत, म्हणजे १.५९ मिमी.

• तारवाला गेजमध्ये बोलतो. १६ गेज म्हणजे १.६३ मिमी, १७ गेज म्हणजे १.४२ मिमी, १५ गेज म्हणजे १.८३ मिमी.

• स्क्रूवाला मिमीत बोलतो. एम १.६ म्हणजे बाहेरून १.६ मिमी.

सॉफ्टवेअरमध्ये दोन लायब्ररींचं नाव सारखं पण आवृत्ती वेगळी असली की जे होतं तेच इथे. "१६ नंबरची तार म्हणजे १/१६" असं सहज सांगितलं जातं. फरक ०.०४ मिमीचा. पण बरोबर १.६ च्या भोकात १.६३ ची तार जात नाही, आणि हातोडीने घुसवली तर पट्टी चिरते. अशा वेळी तार ड्रिलच्या चकमध्ये धरून बारीक पॉलिश पेपरने थोडी उतरवा. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. नियम असा: पिन बोटांच्या दाबाने भोकात गेली पाहिजे. हातोडी लागली तर पिन जाड आहे.

पायरी ३: धातू निवडा

इथे एकच तत्त्व लक्षात ठेवा. या सांध्यात सर्वात आधी झिजायला हवी ती पिन, कारण तीच सर्वात स्वस्त आणि बदलता येण्यासारखी आहे. म्हणून ती पोलादापेक्षा मऊ हवी, आणि हलक्या ठोक्यांनी पसरणारी हवी.

पितळ: पहिली पसंती. सहज मिळतं, छान पसरतं, जुन्या वस्तऱ्यावर शोभतं. पण कोणतं पितळ, हे महत्त्वाचं आहे. लेथवर काम करणारे फ्री कटिंग पितळ वापरतात. आयएस ३१९ हे भारतीय मानक याच पितळाच्या सळ्यांचं. त्यात दोन-तीन टक्के शिसं असतं, त्यामुळे कापताना चुरा सुटा पडतो आणि काम भरभर होतं. हाच गुण ठोकताना दोष ठरतो. पिनचं डोकं पसरायच्या ऐवजी कडेने फुटतं. म्हणून वॉशर अशा पितळाचे कातून घेतले तर चालतील, पिन मात्र साध्या पितळी तारेचीच घ्या.

तार कडक वाटली तर तिला ताव द्या. गॅसच्या ज्योतीवर अंधुक लाल होईपर्यंत तापवा आणि आपोआप थंड होऊ द्या. हे पिन मुठीत घालण्याआधी, मुठीपासून लांब करायचं.

जर्मन सिल्व्हर: नावात चांदी, आत चांदीचा कणही नाही. तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. गिटारच्या फ्रेट आणि चष्म्याच्या फ्रेम यापासून बनतात. पितळापेक्षा चिवट आणि रंगाने पांढरा, जुन्या वस्तऱ्यांवर बऱ्याचदा हाच दिसतो. मूळ वॉशर पांढरे असतील तर पिनही याचीच घ्या. निकेलची ॲलर्जी असेल तर पितळच बरं.

स्टेनलेस स्टील: गंजत नाही म्हणून आकर्षक वाटतं, पण ठोकताना आणखी कडक होत जातं. मग जोर वाढवावा लागतो आणि तो जोर शिंगावर येतो. टाळा.

लोखंडी खिळा: "घरात आहे ना, घाल" यातला प्रकार. वसई-विरारच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजेल, आणि गंज फुगून भोकाच्या कडेला चीर पाडेल.

ॲल्युमिनियम: फार मऊ. फिरत्या सांध्यात लवकर झिजतं. पाचरीच्या टोकाला एक वेळ चालेल, बिजागरीला नको.

पायरी ४: वॉशर निवडा

आतले आणि बाहेरचे वॉशर वेगवेगळी कामं करतात, म्हणून वेगळे निवडायचे.

आतला वॉशर सपाट, पातळ आणि गुळगुळीत हवा. एम १.६ चा प्रमाणित सपाट वॉशर आतून १.७ मिमी, बाहेरून ४ मिमी आणि ०.३ मिमी जाडीचा असतो. तो पितळात मिळाला तर काम झालं. पंचिंग केलेल्या वॉशरला एका बाजूला धारदार कड राहते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासून ती आधी काढा, नाहीतर दांड्यावर गोल ओरखडा उमटेल.

एम २ चा वॉशर जास्त सहज मिळतो, पण त्याचं भोक २.२ मिमी. १.६ च्या पिनवर तो अर्ध्या मिलिमीटरहून जास्त सरकतो आणि कधीच मध्यावर बसत नाही. बाहेरच्या बाजूला तर त्याहून वाईट: ठोकलेलं डोकं जेमतेम त्या भोकाएवढं होतं आणि कधीतरी आत निसटतं.

बाहेरचा वॉशर डोक्याचा दाब पट्टीवर पसरवतो. तो ४.५ ते ५ मिमीचा आणि थोडा जाड, अर्ध्या मिमीचा घ्या. मधून फुगीर, टोपीसारखा वॉशर सुंदर दिसतो आणि त्याची कड पट्टीवर सारखी टेकते. जुने वॉशर शाबूत असतील तर तेच परत वापरा. शिंगावर त्यांचा जुना गोल ठसा असतो, छोटा वॉशर लावला तर तो उघडा पडतो.

पाचरीच्या टोकाला आतले वॉशर लागत नाहीत.

पायरी ५: पिनची लांबी

काकांच्या वस्तऱ्याचा हिशोब असा:

• दोन पट्ट्या, प्रत्येकी २.५ मिमी: ५.०
• दांडा: ५.०
• आतले दोन वॉशर, प्रत्येकी ०.३: ०.६
• बाहेरचे दोन वॉशर, प्रत्येकी ०.५: १.०
• एकूण: ११.६ मिमी

याच्या दोन्ही बाजूंना पिनच्या व्यासाच्या अर्धा ते पाऊण पट टोक बाहेर हवं. मी प्रत्येकी ०.९ मिमी धरलं, म्हणजे पिन १३.४ मिमी. टोक जास्त ठेवलं तर पिन पसरण्याऐवजी वाकते. कमी ठेवलं तर डोकंच होत नाही. पाचरीच्या टोकाची जाडी वेगळी असते, तिची लांबी वेगळी काढा.

कुठे मिळेल?

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, गोलाणी भागात लेथची भरपूर वर्कशॉप आहेत. अडचण धातूची नाही, संख्येची आहे. हजारोंच्या ऑर्डरवर चालणाऱ्या मशीनवर कोणी चार वॉशर का कातेल? माझा अनुभव असा की कागदावर आकृती, माप आणि "फक्त चार नग" स्पष्ट लिहून, दुपारच्या सुट्टीच्या वेळी गेलं तर छोट्या वर्कशॉपमध्ये काम होतं. एका कारागिराने उरलेल्या तुकड्यातून मला वॉशर काढून दिले आणि वरून विचारलं, "वस्तरा चालू झाला की दाखवायला आणा."

मुंबईत जाणार असाल तर नागदेवी स्ट्रीट हा नट-बोल्ट आणि हत्यारांचा बाजार. विरार लोकलने दादर, तिथून मध्य रेल्वेने मशीद. एम १.६ चे स्क्रू आणि बारीक बिट लॅमिंग्टन रोडला शोधा, ग्रँट रोडला उतरून चालत जाता येतं. तार वजनावर मिळते, वीतभर तुकडा मागा.

जुनी पिन काढताना

सर्वात आधी धारेवर मास्किंग टेपचे दोन थर लावा. हा टेप शेवटपर्यंत काढायचा नाही.

पिन पकडीने ओढू नका, आणि पट्ट्या फाकवून पातं काढायचा प्रयत्न तर अजिबात नको. एका बाजूचं पसरलेलं डोकं बारीक कानशीने वॉशरपर्यंत घासा. वॉशर वाचवायचा असेल तर डोक्याच्या मध्यावर खूण करून १ मिमीच्या बिटने फक्त डोक्यापुरतं पोखरा. मग भोक असलेल्या लाकडी ठोकळ्यावर मूठ टेकवून पिन बोथट सुईने खाली ढकला.

मुठीचा पदार्थही ओळखा. घासल्यावर कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची आहे. ती भयंकर पेट घेते, तिच्याजवळ ज्योत नकोच. पाचर राखाडी आणि जड असेल तर शिशाची असू शकते. तिला कानस मारून धूळ उडवू नका. आणि मूठ हस्तिदंती निघाली तर ती विकायचा विचार सोडा: वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ आणि त्याच्या नंतरच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद केला आहे.

बसवणं: आधी स्क्रूने चाचणी, मग ठोका

कोड थेट प्रॉडक्शनवर टाकत नाही ना? तसंच इथे. आधी एम १.६ चा स्क्रू आणि नट घालून सगळं तात्पुरतं जुळवा. परदेशी पुस्तकांत यासाठी ०-८० नावाचा इंची स्क्रू सांगतात, तो १.५२ मिमीचा असतो. आपल्याकडे एम १.६ शोधणं सोपं. नट हळूहळू आवळत पातं उघड-बंद करा. ते दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधून जातंय का? एका बाजूला झुकत असेल तर त्या बाजूचा आतला वॉशर थोडा जाड घ्या किंवा दुसरीकडचा घासून पातळ करा. ही दुरुस्ती आत्ताच. ठोकल्यावर "अनडू" नाही.

समाधान झालं की स्क्रू काढून पिन घाला. खाली पोलादी ठोकळ्याची ऐरण, हातात १०० ग्रॅमच्या आसपासची गोल तोंडाची हातोडी. ठोके मनगटातून, हलके, डोक्याच्या कडेने गोल फिरत. पाच-सहा ठोके झाले की मूठ उलटी करा आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच मारा. प्रत्येक फेरीनंतर पातं फिरवून बघा. घट्टपणा हळूहळू येतो आणि शेवटी एकदम वाढतो, तिथे घाई केली की शिंग तडकतं. पातं बोटाने सहज फिरतं, पण सोडल्यावर जिथल्या तिथे राहतं, इथे थांबा. काकांच्या वस्तऱ्याला अशा नऊ फेऱ्या लागल्या.

नेहमी पडणारे प्रश्न

*स्क्रूच कायमचा ठेवला तर?* चालतो, पण उघड-बंद करताना नट हळूहळू सुटतो. ठेवलाच तर दर आठवड्याला तपासा.

*जुन्या पिनवरच दोन ठोके मारले तर?* पिन सरळ असेल आणि ढिलाई थोडी असेल तर आधी हेच करा. पिन वाकली असेल तर ठोक्यांनी ती आणखी वाकते.

*पितळ आणि पोलाद एकत्र असल्याने गंज येतो का?* खारट ओलाव्यात या जोडीत पोलाद आधी गंजतं, तेही वॉशरखाली, न दिसता. दाढीनंतर सांधा कोरडा पुसा. पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब वॉशरच्या फटीत सोडा आणि वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका.

*वस्तरा किती जुना, हे कळेल का?* दांड्यावर बघा. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. त्यामुळे इंग्लंड किंवा जर्मनी असा शिक्का असलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा. फक्त शेफील्ड किंवा झोलिंगन एवढंच असेल तर त्याआधीचा असू शकतो, पण खात्री नाही, कारण भारतात येणाऱ्या मालाला तो कायदा लागू नव्हता.

थोडक्यात

भोक मोजा. १.६ च्या आसपासची साधी पितळी तार घ्या, लेथचं पितळ नको. आत पातळ आणि दांड्याला पुरेल इतका रुंद वॉशर, बाहेर ४.५ ते ५ मिमीचा. लांबी बेरजेने काढा, स्क्रूने चाचणी घ्या आणि हलक्या हाताने ठोका. यात चूक झालीच तर पिन कापून पुन्हा सुरुवात करता येते. तारेचा तुकडा काही रुपयांचा आहे. हाताला सवय झालेली मूठ मात्र कुठल्याच बाजारात मिळत नाही, म्हणून सगळी काळजी तिच्यासाठी.